रानपिंगळ्याची उरलेली गोष्ट

मंडळी, सातपुड्यात कुणी जंगल दाखवायला नेलं की एक गोष्ट हमखास सांगतात, ती रानपिंगळ्याची. वन्यजीव सप्ताहातल्या व्याख्यानात मी ती ऐकली, तळोद्याकडच्या पक्षीफेरीत चालता चालता ऐकली, आणि निवृत्तीनंतर मोलगीच्या पोरांना स्वतःही सांगितली. गोष्ट सुरेख आहे. पण ती जिथे थांबवतात, तिथून पुढे आमच्या भागाचा इतिहास सुरू होतो. म्हणून आज दोन्ही भाग सांगतो.

आधी ओळख. रानपिंगळा म्हणजे लहानसं घुबड. गावाजवळ दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. चोच आणि पंजे दणकट, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. सागाच्या विरळ जंगलात राहतो, झाडाच्या ढोलीत घरटं करतो, आणि घुबड असूनही दिवसा वावरतो.

1873 साली ह्यूम यांनी या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. (हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच.) पुढच्या काही वर्षांत जेम्स डेव्हिडसन नावाचा इंग्रज सनदी अधिकारी खानदेशात होता. नोकरी सांभाळून तो पक्ष्यांच्या मागे हिंडायचा. तळोदा-शहादा भागातून त्याने रानपिंगळ्याचे नमुने जमवले. शेवटचा नमुना 1884 सालचा. त्यानंतर पक्षी कुणाला दिसलाच नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून मोजके सातच नमुने उरले.

मध्ये एक लबाडीही झाली. कर्नल माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1914 साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला हा पक्षी मिळवल्याचा दावा केला. अनेक वर्षं तो खरा मानला गेला आणि शोध घेणारे चुकीच्या जागी बघत राहिले. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुने बारकाईने तपासले, तेव्हा उलगडा झाला. ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचाच नमुना चोरून, पुन्हा भरून, त्याला नवी चिठ्ठी लावली होती! मग मांडवी बाजूला ठेवून त्या, बेन किंग आणि डेव्हिड अबट जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी फिरले. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, बिनपानांच्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. 113 वर्षांनी! तेव्हा आपला नंदुरबार जिल्हाही झाला नव्हता, तो 1 जुलै 1998 चा.

इथे टाळ्या पडतात आणि गोष्ट संपते. मग पडद्यावर पुढचं चित्र येतं, नांगरलेल्या जमिनीचं, आणि वक्ते म्हणतात की शेतीसाठी जंगल तुटल्यामुळे हा पक्षी धोक्यात आला. वाक्य चूक नाही. पण एका व्याख्यानाला माझ्या शेजारी एक विद्यार्थी बसला होता, घरचे सोमावलकडचे. बाहेर पडल्यावर त्याने हळूच विचारलं, "गुरुजी, ते आमच्या शेतामुळे गेलं का?"

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

मोलगी अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून लागतं. आमच्या उत्तरेला डोंगर उतरत नर्मदेपर्यंत जातात. सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची 33 गावं बुडिताखाली आली, ती याच अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. पहिलं मणिबेली. धरण गुजरातेत, पण घरं आमच्याकडची गेली. त्या लोकांना द्यायला जमीन हवी होती. ती तळोद्याच्या जंगलातून काढली, 1990 आणि त्यापुढच्या वर्षांत, सुमारे 4200 हेक्टर. सोमावल, रोझवा या वसाहती अशा उभ्या राहिल्या. जंगलाकाठी वाढलेल्या माणसांना जंगल तोडलेल्या जागी शेती करायला बसवलं.

आता सनावळ्या शेजारी शेजारी मांडा. 1884 ला शेवटची नोंद, 1990 ला जमिनीचा निर्णय, 1997 ला पक्षी सापडला. जमीन ठरली तेव्हा कागदावर रानपिंगळा नव्हताच. पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तळोद्याच्या उरलेल्या जंगलातही त्याची नोंद केली. म्हणजे सगळं तोडून झालं नव्हतं, हेच नशीब. त्या पोराच्या आजोबांनी ना धरण मागितलं होतं, ना तळोद्याची जमीन. हे न सांगता नुसतं शेताचं चित्र दाखवलं, तर पोरगं पक्षी शिकत नाही, अपराधीपणा शिकतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. घुबड अशुभ ही समजूत आमच्याकडेही आहे. त्यापायी, आणि काही विधींसाठी, या पक्ष्याला मारलं जातं, अंडी काढली जातात. हे बोललंच पाहिजे, पण घरच्या माणसाने, घरच्या बोलीत. पडद्यावरून ते पोचत नाही. मोहाचं झाड कधी फुलतं, चारोळी कुठे उरली, पहिल्या पावसानंतर कुठली भाजी उगवते हे ज्याला माहीत, त्या म्हाताऱ्याला फेरीत पुढे चालवावं आणि पाहुण्या तज्ज्ञाने त्याच्या शेजारून चालावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

हे नुसतं बोलणं नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला गावानेच जंगल राखलं. तिथे 2004 पासून वनभाज्यांची स्पर्धा भरते. बाया रानातून भाज्या आणतात, रांधतात आणि बघायला आलेल्यांना त्यांची माहिती सांगतात. तिथले चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलावर हक्क दिला, तसं ते राखण्याचं कामही दिलं. आमच्या गावांनीही ते दुसरं काम मनावर घ्यावं.

रानपिंगळा पुढे मेळघाटात, मध्य प्रदेशात, अगदी मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही सापडला. 2018 साली त्याचं नाव 'अतिसंकटग्रस्त' मधून काढून 'संकटग्रस्त' मध्ये घातलं. थोडं बरं वाटावं अशी ही बातमी.

तुमच्यापैकी कुणी इकडे येणार असाल तर हिवाळ्यात या, पानगळ झाल्यावर पक्षी नीट दिसतात. तळोद्याला फेरीला गेलात तर रानपिंगळ्याबरोबर सोमावलची वस्तीही बघा. तो विद्यार्थी आता तिथेच शेती करतो. पहाटे उठून दुर्बीण न घेता पक्षी दाखवतो.