प्रश्न विचारणाऱ्यांचा वकील

१९३४ साली मुंबईच्या कोर्टात एका मराठी मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. मासिक ‘समाजस्वास्थ्य’, संपादक रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कारण होतं डिसेंबर १९३३च्या गुजराती अंकाचं. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवर वाचकांनी पत्रांतून प्रश्न विचारले होते आणि कर्व्यांनी सरळ उत्तरं देऊन ती छापली होती. गुन्हा एवढाच.

अभ्यासक या खटल्याकडे अभिव्यक्तिस्वातंत्र्याची लढाई म्हणून पाहतात, आणि ती होतीच. मी कॉलेजच्या मुलामुलींचं समुपदेशन करते. मला त्यात तरुणांच्या मानसिक आरोग्याचाही इतिहास दिसतो.

र. धों. हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. नोकरी की हे काम, असा पेच पडला तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ निघू लागलं. मासिक कायम तोट्यात होतं. पत्नी मालतीबाईंच्या खंबीर साथीमुळेच हा संसार आणि हे काम दोन्ही चाललं.

तेव्हाच्या तरुणाला लैंगिक विषयावर काय मिळत होतं? घरात गप्प बसवणं आणि बाहेर ब्रह्मचर्याची पुस्तकं. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, तो वाया गेला की बुद्धी गेली, आयुष्य गेलं, ही शिकवण. या धास्तीने पोरं खंगत. थकवा, झोप न लागणं, अपराधीपणा हे सगळं त्यातून येतं. पुढे १९६० साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी याला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. वीर्य गेल्याने शरीराचं काही बिघडत नाही, माणूस भीतीने आजारी पडतो. ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ असं भिंतींवर रंगवणारे वैदू याच भीतीवर पोट भरतात.

कर्व्यांनी या भीतीवर हात घातला. त्यांनी वाचकाला पापी ठरवलं नाही की प्रवचन ऐकवलं नाही, माहिती दिली. कोर्टात आंबेडकरांची भूमिकाही हीच होती. मासिक लैंगिक शिक्षणाचं, वाचकाला अडचण आहे म्हणून तो विचारतो, मग उत्तर द्यायचं नाही तर काय करायचं? समलिंगी आकर्षणाबाबत त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाचा आधार घेतला. न्यायाधीशांना ते पटलं नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. त्याआधीच्या खटल्यात शंभर रुपये झाला होता. मासिक मात्र बंद पडलं नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले आणि नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला.

आंबेडकरांचा युक्तिवाद व्यवस्थेच्या गळी उतरायला पुढची कित्येक दशकं लागली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७मधून वगळले. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने लैंगिक कल ‘बदलून देण्याचे’ उपचार डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले.

कागदावर एवढं बदललं, तरी पोरांचे प्रश्न तेच आहेत. कार्यशाळेत मी सगळ्यांना एकाच मापाच्या चिठ्ठ्या आणि एकसारखी पेनं देते. नाव लिहायचं नाही. ज्याला काही विचारायचं नाही त्यानेही ‘प्रश्न नाही’ असं लिहायचं, म्हणजे सगळ्यांचेच हात चालतात आणि लिहिणारा एकटा पडत नाही. मग चिठ्ठ्या येतात. ‘मला मित्र आवडतो, लग्न केलं की हे जाईल का?’ ‘मला मुलगी म्हणून हाक मारली की कसंतरी होतं, मी वेडी आहे का?’ ‘सवय सुटत नाही, मी नापास होणार का?’ मी या चिठ्ठ्या मोठ्याने वाचते आणि प्रत्येकीचं उत्तर देते. ‘हा आजार नाही’ हे वाक्य ऐकल्यावर वर्गातला ताण उतरलेला मला दिसतो. पुष्कळ मुलांनी ते मोठ्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलेलं असतं.

म्हणून आईवडिलांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. मूल असा प्रश्न घेऊन आलं तर त्याला गप्प करू नका. मारून, बाबाबुवाकडे नेऊन किंवा घाईने लग्न उरकून कोणाचं आकर्षण बदलत नाही. दोन आयुष्यं मात्र नासतात. उत्तर येत नसेल तर ‘आपण मिळून विचारू’ म्हणा आणि चांगल्या मनोविकारतज्ज्ञाकडे जा. मुलाला बदलायला नव्हे, त्याची भीती घालवायला.