पहिली ऑनलाइन डिग्री कशात होती?

गेल्या वर्षी मी प्रोफेशनल कम्युनिकेशनमधलं मास्टर्स पूर्ण केलं, तेही ऑनलाइन. तेव्हापासून दोन प्रश्न पाठ सोडत नाहीत. "प्रोग्रॅमरला हे कशाला?" आणि "ऑनलाइन? म्हणजे खरी डिग्री नाही ना?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ऑफिसात माझा निम्मा दिवस कोड लिहिण्यात नाही, मेल आणि डिझाइन डॉक्युमेंट लिहिण्यात जातो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र चांगला लांबलचक इतिहास आहे, आणि या वीकेंडला तोच सांगायचा आहे.

तर आधी एक कोडं. वर्ग नाही, होस्टेल नाही, सगळा कारभार इंटरनेटवर, अशा विद्यापीठाला अमेरिकेत पहिल्यांदा पूर्ण प्रादेशिक मान्यता मिळाली ती १९९९ च्या मार्चमध्ये. त्या विद्यापीठाची तेव्हाची मुख्य एम.ए. कोणत्या विषयात असेल? मी ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे 'कॉम्प्युटर सायन्स' म्हणाले. चूक! बिझनेस कम्युनिकेशन.

विद्यापीठाचं नाव जोन्स इंटरनॅशनल, मुक्काम कोलोरॅडो. संस्थापक ग्लेन जोन्स हा प्राध्यापक वगैरे नव्हे, चक्क केबलवाला. साठच्या दशकात त्याने आपली फोक्सवॅगन गहाण ठेवून एका छोट्या डोंगरी गावातली केबल यंत्रणा विकत घेतली आणि त्यातून मोठी कंपनी उभी केली. १९८७ मध्ये त्याने केबलवर शिकवणारं एक चॅनल काढलं आणि १९९३ मध्ये हे विद्यापीठ. कॅम्पस असलेल्या काही संस्था तेव्हाही ऑनलाइन कोर्स देत होत्याच, पण कॅम्पसच नसलेलं विद्यापीठ ही वेगळी गोष्ट होती.

मान्यता मिळाली आणि भांडण सुरू झालं. अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेने, एएयूपीने, जाहीर आक्षेप घेतला. पूर्णवेळ प्राध्यापक बोटांवर मोजण्याइतके. अभ्यासक्रम नामांकित विद्यापीठांतल्या तज्ज्ञांकडून लिहून घ्यायचा आणि शिकवायला अर्धवेळ माणसं. मग विद्यापीठ म्हणायचं कशाला? आपल्या भाषेत सांगायचं तर आर्किटेक्ट एकीकडे, सपोर्ट टीम दुसरीकडे, आणि दोघांची गाठ कधीच नाही! माझं मत विचाराल तर आक्षेप रास्त होता. फक्त तो इंटरनेटवर नव्हता, नेमणुकांवर होता. आणि अर्धवेळ माणसांवर वर्ग चालवण्याचा प्रकार कॅम्पसवालेही करत होते, तो भाग वेगळा.

संशय काही तेव्हाच जन्मला नव्हता. पत्राने शिकवण्याच्या नावाखाली फसवणारी दुकानं अमेरिकेत बरीच होती. त्यांना आवर घालायला १९९२ च्या कायद्यात तरतूद आली, की निम्म्याहून जास्त कोर्स दुरूनच शिकवणाऱ्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना सरकारी मदत नाही. ऑनलाइन शिक्षणापुरती ती उठली २००६ मध्ये. म्हणजे भल्याबुऱ्या सगळ्यांनाच चौदा वर्षं एकाच काठीने हाकलं.

पण मला खरी गंमत वाटते ती विषयाची. जरा मागे जा. १७२८ च्या मार्चमध्ये 'बॉस्टन गॅझेट'मध्ये केलेब फिलिप्स नावाच्या शिक्षकाने जाहिरात दिली, की गावोगावच्या लोकांना दर आठवड्याला धडे पाठवून बॉस्टनमधल्या विद्यार्थ्यांइतकंच पक्कं शिकवीन. दूरशिक्षणाच्या इतिहासात हिचा उल्लेख हमखास येतो. विषय? शॉर्टहँड. पुढे १८४० मध्ये इंग्लंडात एक पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं. आयझॅक पिटमनने लगेच आपली पद्धत एका तक्त्यावर छापून टपालाने पाठवायला सुरुवात केली. विद्यार्थी बायबलमधले उतारे त्या लिपीत उतरवून परत धाडत आणि ते तपासून मिळत. तपासून मिळत, हे महत्त्वाचं! फिलिप्सच्या जाहिरातीत त्याचा पत्ता नाही. विषय? पुन्हा शॉर्टहँड.

हो, तोच पिटमन. माझी आत्या फोर्टमधल्या एका कंपनीत स्टेनो होती. दादरच्या क्लासमध्ये शिकलेल्या त्या रेघोट्यांवर तिने अख्खं घर चालवलं. तिला कुणी "ही खरी विद्या का?" असं विचारलेलं मला तरी आठवत नाही.

१७२८, १८४०, १९९९. नवं माध्यम आलं की त्यावरून आधी शिकवलं जातं ते ऑफिसातलं लिहिणं-बोलणं. योगायोग? मला नाही वाटत. एक तर हे शिकणारा माणूस बहुधा नोकरीत असतो, सकाळी अकराला वर्गात बसणं त्याला जमत नाही. दुसरं म्हणजे इथे दूर असणं हाच सराव. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, शॉर्टहँडला कागद आणि टपाल पुरतं. माझ्या कोर्सात तर प्रत्येक शंका लिहूनच विचारावी लागे. मोघम लिहिलं की उत्तरही मोघम, आणि टाइमझोनमुळे एक दिवस वाया. तिसऱ्या आठवड्यापर्यंत माझे मेल निम्म्याने आखूड झाले होते.

जोन्सचं पुढे काय झालं? मोठमोठी विद्यापीठं ऑनलाइन उतरली आणि या पहिल्या भिडूचे विद्यार्थी रोडावले. २०१५ मध्ये विद्यापीठाने गाशा गुंडाळला. त्याच वर्षी जोन्सही गेला.

आपल्याकडे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशकात १९८९ पासून आहे, म्हणजे दूरशिक्षण आपल्याला नवं नाही. यूजीसीने ऑनलाइन पदव्यांसाठी नियम केले २०१८ मध्ये. सप्टेंबर २०२२ मध्ये तर स्पष्टच केलं, की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी. गेल्या महिन्यात एका कंपनीचा अर्ज भरत होतो. शिक्षणाच्या रकान्यात दोनच पर्याय होते, 'रेग्युलर' आणि 'इतर'. मी 'रेग्युलर' निवडलं, आणि खाली शेऱ्याच्या जागेत यूजीसीच्या त्या पत्राची तारीख टाकली. दोन ओळींत, मुद्देसूद!