पाणी उकळतच होतं, नळ टाकायला हजार वर्षं लागली

थोडी लांब पोस्ट आहे, सवडीने वाचा.

आपल्या तालुक्यात तुरळ, राजवाडी, आरवली इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. त्यामुळे आइसलँडचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "त्यांना निसर्गानेच दिलंय, त्यांनी वेगळं काय केलं?" मला हे काही पटत नाही. पाणी निसर्गाने दिलं हे खरं. पण तिथे माणूस वसला त्याला हजाराच्या वर वर्षं झाली, आणि एवढा सगळा काळ ते पाणी रेक्याविक गावापासून जेमतेम तीन किलोमीटरवर उकळत होतं. लोक मात्र घरात कुडकुडत होते, शेणकूट आणि वाळवलेली माती जाळत होते, पुढे परदेशातून आणलेला कोळसा. ते तीन किलोमीटर पार करायला 1930 साल उजाडलं. म्हणून म्हणतो, ही गोष्ट झऱ्यांची कमी आणि नळांची जास्त आहे.

रेक्याविक या नावाचा अर्थच मुळी 'धुराची खाडी'. पहिल्या वसाहतवाल्यांना किनाऱ्यावरून झऱ्यांची वाफ दिसली, तो धूर वाटला. गंमत अशी की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावावर खरोखरच धूर होता, कोळशाचा. त्या काळातले फोटो बघितले तर थंडीत घरांच्या छपरांवर काळा थर पसरलेला दिसतो.

झऱ्यांचा उपयोग तोवर एकच, धुणं. लॉयगार्दालुर नावाच्या खोऱ्यात कुंडं होती. गावातल्या बायका कपड्यांचं गाठोडं पाठीवर घेऊन, बर्फातून आणि वाऱ्यातून तिथे चालत जायच्या, दिवसभर धुवायच्या आणि ओले कपडे घेऊन परत यायच्या. ओल्या कपड्यांचं वजन किती होतं हे वेगळं सांगायला नको. काहीजणी उकळत्या पाण्यात पडून भाजून गेल्या, तेव्हा कुठे कुंडांवर लोखंडी कमानी बसल्या. रेक्याविकमधली आजची सगळ्यात गजबजलेली बाजारपेठ म्हणजे लॉयगावेगुर हा रस्ता. त्या नावाचा अर्थ 'कुंडांकडे जाणारी वाट'. आज तिथे कॉफीची दुकानं आहेत. वाट पाडली ती धुणं वाहणाऱ्या बायकांनी.

नळाची पहिली अक्कल शहराला नाही, शेतकऱ्याला सुचली. 1908 साली स्टेफान योन्सन नावाच्या शेतकऱ्याने झऱ्याचं पाणी पाइपाने घरात आणून घर तापवलं. तीन वर्षांनी दुसऱ्या एकाने वाफ आणली. मग पहिलं महायुद्ध आलं, कोळसा मिळेना, मिळाला तर परवडेना. तेव्हा शहरातल्या लोकांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

1928 मध्ये त्याच धुण्याच्या कुंडांजवळ बोअर मारायला घेतल्या. एकूण 14 बोअर, सगळ्यात खोल 246 मीटर. हाती लागलं सेकंदाला 14 लिटर पाणी, 87 अंश सेल्सिअसचं. 14 लिटर म्हणजे काय, असं वाटेल. दिवसाचा हिशेब केला तर बारा लाख लिटर होतात. 1930 मध्ये तीन किलोमीटरचा पाइप टाकून हे पाणी गावात आलं. पहिलं कनेक्शन कुणाला मिळालं? शहराच्या पूर्व भागातल्या नव्या प्राथमिक शाळेला. मग सरकारी रुग्णालय, पुढे पोहण्याचा तलाव आणि साठ-सत्तर घरं. कुठल्या गल्लीत आधी खोदायचं यावरून आपल्याकडे काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी बोलत नाही.

आता मुद्द्याचं. गरम पाण्याचा पाइप टाकणं आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप टाकणं यात फरक काय? पिण्याच्या पाण्याचा पाइप चरात टाकला, माती लोटली, काम झालं (आपल्याकडे तेही नीट होत नाही, तो वेगळा विषय). गरम पाण्याचा पाइप जिवंत असतो. पोलाद तापलं की लांबतं. शंभर मीटरचा पाइप घ्या आणि त्यातून ऐंशी अंशांनी जास्त गरम पाणी सोडा, तो साडेनऊ सेंटिमीटर वाढतो. शंभर मीटरला हे क्षुल्लक वाटेल, पण अठरा किलोमीटरला हीच वाढ सतरा मीटरच्या वर जाते. ही वाढ जायची कुठे? जागा ठेवली नाही तर पाइप वाकतो, सांधा उघडतो, नाहीतर भिंत फोडतो. म्हणून ठरावीक अंतरावर पाइप काँक्रीटमध्ये पक्का आवळून टाकतात आणि दोन पक्क्या ठिकाणांच्या मधे त्याला सरकत्या आधारांवर ठेवतात, शिवाय लांबी गिळणारे सांधे किंवा मुद्दाम दिलेली वळणं असतात. कुठे आवळायचा आणि कुठे मोकळा सोडायचा, हे ठरवणं हीच त्या इंजिनिअरची खरी परीक्षा.

दुसरी गोष्ट हवेची. खोल जमिनीतून येणाऱ्या या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. आपण ज्याला 'गंधकाचं पाणी' म्हणतो तोच वास. पाहुण्यांना नाक मुरडायला लावणारा हा वास पाइपाचं मात्र रक्षण करतो, कारण चुकून शिरलेला ऑक्सिजन हा वायू खाऊन टाकतो. त्यामुळे साधे पोलादी पाइप आतून वर्षानुवर्षं गंजत नाहीत. गंजतात ते बाहेरून, वरचं आवरण ओलं झालं की. म्हणून पाइपाएवढीच काळजी त्याच्या वेष्टणाची.

तिसरी गोष्ट घरातली. घरात पाणी रेडिएटरमधून फिरतं, ऐंशीच्या आसपास शिरतं आणि तीस-चाळीस अंशांना बाहेर पडतं. रेडिएटर लहान बसवला तर पाणी गरमच बाहेर जातं, म्हणजे इतक्या लांबून आणलेली उष्णता गटारात. मोठा बसवला तर तेवढ्याच पाण्यात जास्त घरं तापतात. म्हणजे खोलीतल्या लोखंडाचं माप आणि जमिनीतल्या बोअरची संख्या ही एकाच हिशेबाची दोन टोकं. पुढे या बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्याचाही उपयोग सुरू झाला. फुटपाथ आणि अंगणाखालून नळ्या टाकून त्यावर बर्फ वितळवतात.

सत्तर घरांनी शहराची तहान भागत नव्हती. नगरपालिकेने 1933 मध्ये रेकिर नावाच्या भागातल्या गरम पाण्याचे हक्क विकत घेतले आणि तिथे बोअर मारायला सुरुवात केली. अंतर अठरा किलोमीटर. 1939 मध्ये एका डॅनिश कंपनीबरोबर करार झाला, काम सुरू झालं. आणि 9 एप्रिल 1940 ला जर्मनीने डेन्मार्क घेतला. इकडे खोदाई चालू, तिकडे माल अडकलेला. महिन्याभरात, 10 मे रोजी, ब्रिटिश सैन्य खुद्द आइसलँडमध्ये उतरलं. अशा वेळी कुठलीही नगरपालिका 'परिस्थिती सुधारल्यावर बघू' असा शेरा मारून फाइल बांधून ठेवेल. त्यांनी अमेरिकेकडून पाइप आणि सामान मिळवलं आणि काम पुढे नेलं. 1943 च्या नोव्हेंबर अखेरीस पहिली इमारत जोडली गेली. 1945 संपेपर्यंत 2,850 घरं जोडली होती, शहराची लोकसंख्या तेव्हा चव्वेचाळीस हजारांच्या वर होती. रेकिरहून सेकंदाला 200 लिटर, 86 अंशांचं पाणी येत होतं. शहरातल्या एका टेकडीवर टाक्या बांधल्या. रात्री मागणी कमी असते तेव्हा टाकी भरायची, सकाळी उतारावरून पाणी सोडायचं. आज त्या टेकडीवर टाक्यांच्या डोक्यावर काचेचा घुमट आहे, पर्यटक तिथे फोटो काढतात.

सगळं गोडगोड नव्हतं. कडक थंडीत मागणी वाढली की पाणी पुरत नसे. म्हणून 1940 च्या दशकाच्या शेवटी चक्क इंधन जाळून पाण्याला जादा ऊब देणारं केंद्र उभारावं लागलं. धूर घालवण्यासाठी केलेल्या योजनेला पुन्हा धुराचा टेकू! यावर त्या वेळी लोक काय काय बोलले असतील याची कल्पना करू शकतो. उत्तर मिळालं ते 1958 साली सरकार आणि शहर यांनी मिळून घेतलेल्या मोठ्या ड्रिलिंग यंत्रामुळे. शहराच्या खालीच खोल बोअर घेतल्या, त्यात पंप सोडले, तेव्हा कुठे तुटवडा हटला.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट यंत्राची नाही, पैशाची आहे. बोअर हा जुगार असतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. पाणी लागलं नाही तर कर्ज डोक्यावर. आइसलँडने 1967 मध्ये ऊर्जा निधी काढला. गावाला बोअरसाठी कर्ज मिळे आणि बोअर फसली तर त्या कर्जाचं अनुदान होई. फसण्याचा धोका देशाने वाटून घेतला. 1970 च्या सुमारास देशातली निम्मी घरं तेलावर तापत होती. 1973 ला तेलाचे भाव भडकले, तेव्हा निधी हाताशी होता, अनुभव होता, माणसं होती. लहान गावंसुद्धा बोअर घ्यायला पुढे आली. आज दहातली नऊ घरं जमिनीच्या उष्णतेवर तापतात.

आपल्याकडे या विषयाची खरी जागा कोकण नाही. कोकणात घर तापवून काय करायचंय, आपल्याला पंखा पुरत नाही. जागा आहे लडाखमधली पुगा दरी, 4,400 मीटरवर, जिथे आपले जवान केरोसीनच्या बुखारीवर हिवाळे काढतात आणि ते केरोसीन ट्रकने घाट चढवून न्यावं लागतं. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने तिथे 1970 च्या दशकातच बोअर घेतल्या होत्या आणि त्याच पाण्यावर एक खोली तापवूनही दाखवली होती. पुढचा करार, ओएनजीसी, लडाख प्रशासन आणि लेहची पर्वतीय परिषद यांच्यातला, व्हायला फेब्रुवारी 2021 उजाडलं. मधे जवळजवळ अर्धं शतक गेलं. प्रयोग फसला म्हणून थांबला असता तर समजू शकलो असतो, पण खोली तापली होती.

तर परत रेक्याविककडे. शहर वाढलं तसं पाणी पुन्हा कमी पडू लागलं, आणि 1990 मध्ये नेस्यावेत्लिरहून 27 किलोमीटर लांबीचा पाइप आला. इथलं पाणी फार तापलेलं आणि खनिजांनी भरलेलं. तसंच नळात सोडलं तर वर्षभरात पाइपात दगड तयार होतील. म्हणून तिथे त्या उष्णतेवर साधं थंड भूजल तापवतात, त्यातला ऑक्सिजन काढून टाकतात आणि तेच शहराकडे पाठवतात. दहा सेंटिमीटर जाड खनिज लोकरीचं वेष्टण आणि वर अॅल्युमिनियमचा पत्रा. एवढ्या अंतरात तापमान दोन अंशही उतरत नाही. पण एक फटका बसलाच. हे पाणी जुन्या झऱ्यांच्या पाण्यात मिसळलं आणि नळांत पांढरट साका धरायला लागला. एकातलं मॅग्नेशियम, दुसऱ्यातली सिलिका. दोन्ही पाणी आपापल्या जागी चांगलं, एकत्र आलं की भांडण. शेवटी शहराचे भाग वाटून दिले, या भागाला हे पाणी, त्या भागाला ते.

आणि एवढं सगळं करूनही हे किती नाजूक असतं ते दोन दिवसांत दिसलं. 8 फेब्रुवारी 2024 ला रेक्याविकच्या नैऋत्येला, रेक्यानेस द्वीपकल्पावर ज्वालामुखी फुटला आणि लाव्हा तिथल्या गावांना गरम पाणी नेणाऱ्या मुख्य पाइपावरून गेला. पाइप फुटला. बाहेर शून्याच्या खाली तापमान, आणि वीस हजारांहून जास्त लोकांचे रेडिएटर थंड. लोकांनी विजेच्या शेगड्या काढल्या, तेव्हा वीज कंपनीने हात जोडले, सगळ्यांनी एकदम लावू नका, नाहीतर वीजही जाईल. असा दिवस येणार हे ओळखून आधीच एक पर्यायी पाइप जमिनीखाली पुरून ठेवायला घेतला होता. घाईघाईने तो जोडला, पाणी सोडलं आणि तोही लाव्हाखाली फुटला. मग कामगारांनी रात्रंदिवस वेल्डिंग करून जमिनीवरून नवा तुकडा टाकला. 12 तारखेपासून घरांमध्ये पुन्हा गरम पाणी यायला लागलं, आधी कोमट, मग हळूहळू पूर्ण गरम.