जुनी लिंक नव्या पत्त्यावर कशी न्यायची? रिडायरेक्ट आणि त्यासाठी लागणारा हलका सर्व्हर

सातबारा पूर्वी आपण 'महाभूलेख डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'वर बघायचो, आता 'भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन'वर बघतो. साईटचा पत्ता बदलतो, पण गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुनी लिंक वर्षानुवर्षं फिरत राहते. ती दाबणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणं म्हणजे रिडायरेक्ट. गाव उठून दुसरीकडे वसलं, तर जुन्या पत्त्यावरचं पत्र नव्या वसाहतीत पाठवणारा पोस्टमन लागतो, तसंच हे.

मोबाईल जुना पत्ता मागतो. तिथला सर्व्हर पान देत नाही, फक्त एक आकडा आणि नवा पत्ता देतो. 301 म्हणजे कायमचं स्थलांतर, 302 म्हणजे तात्पुरतं. 301 ब्राउझर लक्षात ठेवतो, त्यामुळे चुकीचा नियम लागला तर तो दुरुस्त केल्यावरही काही फोन जुन्याच चुकीच्या जागी जात राहतात. म्हणून आधी 302 लावून बघायचं, सगळं बरोबर चाललं की मग 301.

एवढ्या कामाला मोठं मशीन लागत नाही. 2004 साली आलेला एनजिनएक्स हा फुकट सर्व्हर भाड्याच्या सगळ्यात लहान मशीनवरही आरामात चालतो. घरच्या कॉम्प्युटरवरही चालेल, पण आपल्याकडची लाईट बघता मी तो सल्ला देणार नाही. ग्रामपंचायत, बचत गट किंवा शेतकरी कंपनीची साईट सांभाळणाऱ्या पोरांनी एवढं करायचं: जुन्या डोमेनचा रोख या मशीनकडे वळवायचा आणि सेटिंगच्या फाईलमध्ये नियम लिहायचे. जुन्या पत्त्याचा शेपटीकडचा भाग नव्या पत्त्याला तसाच जोडायचा, नाहीतर भावाच्या पानाची लिंक दाबणारा मुखपृष्ठावर जाऊन पडतो. नमुन्यावर चालणारे नियम वरून खाली तपासले जातात आणि जो पहिला जुळला तो लागतो, म्हणून खास नियम वर, सरसकट नियम खाली. फाईल आधी तपासून घ्यायची, मग रीलोड. अ ने ब कडे आणि ब ने परत अ कडे पाठवलं की फेरा सुटत नाही, शेवटी ब्राउझरच थकून एरर दाखवतो.

दोन गोष्टी बरेच जण विसरतात. जुन्या डोमेनलाही एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट लागतं. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, पण मुदत 90 दिवसांची असल्याने आपोआप नूतनीकरण लावून ठेवायचं. दुसरं, जुन्या डोमेनचं वार्षिक भाडं भरत राहायचं. ते सोडलं की कुणीही विकत घेतो, आणि तुमच्याच नावाने फिरणारी लिंक लोकांना भलत्या साईटवर नेते.

रिडायरेक्टचा हाच गुण ठकांच्याही कामाचा. लिंक दिसते एक, उघडते दुसरीच. पीएम किसान किंवा सातबाऱ्याच्या नावाने आलेली लिंक उघडली, तर आधार नंबर किंवा ओटीपी टाकण्याआधी वरच्या पट्टीतला पत्ता वाचा. सुरुवातीच्या एचटीटीपीएसच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ बघायची. तिच्या लगेच आधी 'डॉट गव्ह डॉट इन' असलं पाहिजे. ते शब्द नुसते मध्ये कुठेतरी असून चालत नाहीत. पैसे गेलेच तर वाट न बघता 1930 लावा.