इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शनसाठी इंधनवाहिन्यांचे रूपांतरण

इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शनसाठी इंधनवाहिन्यांचे रूपांतरण म्हणजे कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या पेट्रोल मोटारीला इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली बसवताना टाकीपासून इंजिनापर्यंतचा इंधनाचा मार्ग नव्या दाबाला व प्रवाहाला योग्य होईल असा बदलणे होय. या कामात टाकी, पंप, गाळण्या, धातूच्या व रबरी नळ्या, जोड, दाबनियामक आणि परतीची नळी यांचा समावेश होतो. कार्ब्युरेटरच्या इंधनवाहिनीत साधारणतः ०.२ ते ०.३५ बार इतका दाब असतो. बहुतेक इंजेक्शन प्रणालींना २.५ ते ४ बार दाब लागतो. दाब सुमारे दहापट वाढत असल्याने जुनी वाहिनी तशीच ठेवून केवळ इंजेक्टर व संगणक बसवणे धोकादायक ठरते.

== पार्श्वभूमी ==

पेट्रोल इंजिनासाठी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा प्रयत्न अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात केला. जर्मनीतील बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक प्रणाली १९६७ साली फोक्सवॅगनच्या मोटारीत आली आणि तेथून या तंत्राचा प्रसार वाढला.

भारतात मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कार्ब्युरेटरचेच प्राबल्य होते. मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात तयार होणारी १०८९ घन सेंमी इंजिनाची प्रीमियर पद्मिनी शेवटपर्यंत मुख्यतः कार्ब्युरेटरवरच चालली. १९८३ साली आलेली मारुती ८०० देखील कार्ब्युरेटरसह बाजारात आली. २००० साली भारत स्टेजच्या पहिल्या टप्प्याचे प्रदूषण मानक लागू झाले, त्या सुमारास तिला बहुबिंदू इंजेक्शन, म्हणजे बोलीभाषेतील 'एमपीएफआय', मिळाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर दुचाकींमध्येही इंजेक्शन प्रणाली सार्वत्रिक झाली.

जुन्या मोटारी जपणारे मालक थंड इंजिन सहज सुरू होणे, इंधनाची बचत, धुराचे कमी प्रमाण आणि घाटात होणारा बाष्परोध टाळणे अशा कारणांनी हे रूपांतरण करतात. कार्ब्युरेटरचे सुटे भाग व ते जुळवणारे कारागीर दुर्मीळ होत जाणे हेही एक कारण आहे.

== दोन प्रणालींतील फरक ==

कार्ब्युरेटरच्या मोटारीत डायफ्रॅमचा यांत्रिक पंप इंजिनावर बसवलेला असतो व तो कॅमशाफ्टवर चालतो. टाकी मागे आणि पंप पुढे असल्यामुळे जवळपास संपूर्ण वाहिनीत इंधन ओढले जाते. म्हणजे त्या भागात दाब वातावरणाहून कमी असतो. पंपाने दिलेले पेट्रोल कार्ब्युरेटरच्या फ्लोट कक्षात साठते. कक्ष भरला की सुईझडप बंद होते आणि पुरवठा थांबतो. अशा वाहिनीत सैल जोडातून बहुधा हवा आत शिरते. इंधन बाहेर उडत नाही.

इंजेक्शन प्रणालीत विजेवर चालणारा पंप टाकीत किंवा टाकीजवळ असतो व तो इंधन पुढे ढकलतो. त्यामुळे संपूर्ण वाहिनी सतत दाबाखाली राहते. साठ्यासाठी फ्लोट कक्ष नसतो. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. त्याचे गणित दाब स्थिर आहे या गृहीतकावर उभे असते. दाब घसरला की मिश्रण विरळ होते.

गळतीचे स्वरूपही बदलते. एकाच आकाराच्या छिद्रातून बाहेर पडणाऱ्या द्रवाचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे दहापट दाबाला पेट्रोल सुमारे तिप्पट वेगाने बाहेर येते. ते थेंबाथेंबाने न गळता बारीक तुषारांच्या रूपात उडते आणि तापलेल्या एक्झॉस्टवर किंवा ठिणगीवर सहज पेट घेते.

== प्रणालीचे घटक ==

=== टाकी ===
जुन्या पत्र्याच्या टाकीत गंज व गाळ साठलेला असतो. कार्ब्युरेटर काही प्रमाणात कचरा सहन करतो. इंजेक्टरची सूक्ष्म छिद्रे मात्र त्याने तुंबतात. म्हणून टाकी उतरवून स्वच्छ करणे, आवश्यक तर आतून इंधनरोधक लेप देणे किंवा नवी टाकी बनवणे ही पहिली पायरी असते. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते व ती भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक ठरू शकते. त्यामुळे टाकी पूर्णपणे वाफमुक्त केल्याशिवाय तिच्यावर वेल्डिंग किंवा गॅस कटिंग केले जात नाही.

वळणावर किंवा चढावर पेट्रोल एका बाजूला सरकले तर पंपाचे तोंड उघडे पडून त्यात हवा शिरते. फ्लोट कक्षामुळे कार्ब्युरेटरवर याचा परिणाम होत नसे. इंजेक्शनचे इंजिन मात्र तत्काळ अडखळते. यावर उपाय म्हणून टाकीत आडव्या पट्ट्या बसवतात, किंवा एक-दोन लिटरचे छोटे साठापात्र वापरतात. कमी दाबाचा पंप हे पात्र भरलेले ठेवतो व उच्च दाबाचा पंप त्यातून इंधन घेतो.

=== पंप ===
टाकीतील पंप इंधनात बुडालेला असल्याने थंड राहतो व आवाज कमी करतो. बाहेर बसवायचा पंप इंधन ढकलण्यात सक्षम, पण ओढण्यात कमकुवत असतो. म्हणून तो टाकीच्या तळाच्या पातळीखाली व तिच्या शक्य तितक्या जवळ बसवतात. तो इंजिनाजवळ बसवल्यास लांब ओढवाहिनीत दाब घटून पेट्रोल उकळू लागते, पंपात बुडबुडे तयार होतात व त्याचे आयुष्य घटते.

यांत्रिक पंप काढल्यावर सिलिंडर ब्लॉकवरील त्याची जागा गॅस्केटसह झाकणपट्टी लावून बंद करावी लागते. अन्यथा तेथून इंजिनाचे तेल बाहेर येते.

=== गाळण्या ===
पंपाच्या आधी जाड गाळणी व पंपानंतर बारीक गाळणी अशी दुहेरी रचना असते. आधीची गाळणी सुमारे १०० मायक्रॉनची असते. ती अधिक बारीक असल्यास पंपाला इंधन ओढणे जड जाते. इंजेक्टरच्या रक्षणासाठी नंतरची गाळणी साधारण १० मायक्रॉनची व उच्च दाब सोसणारी, बहुधा धातूच्या कवचाची असते. कार्ब्युरेटरच्या मोटारीतील पारदर्शक प्लास्टिकची गाळणी दाबाच्या बाजूस वापरता येत नाही.

=== नळ्या व जोड ===
मोटारीच्या तळाशी पुरवठ्यासाठी सामान्यतः ८ मिमी व्यासाची पोलादी नळी वापरतात. मूळ नळी गंजमुक्त व पुरेशा व्यासाची असेल तर ती परतीसाठी वापरून पुरवठ्यासाठी नवी नळी टाकण्याची पद्धत आहे. शुद्ध तांब्याची नळी वाकवायला सोपी असली तरी कंपनांमुळे कठीण होऊन तडकते. शिवाय तांब्याच्या संपर्कात पेट्रोल लवकर खराब होते.

रबरी नळीचा दर्जा तिच्यावरील छापावरून ओळखतात. 'एसएई जे३० आर७' हा दर्जा कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी, तर 'आर९' हा इंजेक्शनच्या दाबासाठी आहे. टाकीच्या आत बुडून राहणारी नळी 'आर१०' दर्जाची लागते, कारण तिला बाहेरूनही इंधनाचा सामना करावा लागतो. रबरी नळीचे तुकडे शक्य तितके आखूड ठेवतात.

साधी दातेरी होज क्लिप रबरात रुतून ते कापते. त्याऐवजी गोल कडांची, सर्व बाजूंनी सारखा दाब देणारी इंजेक्शन क्लिप वापरतात. गुळगुळीत नळीवर रबरी नळी नुसती चढवल्यास ती दाबाने निसटते; म्हणून धातूच्या नळीच्या टोकाला उंचवटा काढतात. आट्यांच्या जोडांमध्ये ३७ अंशांचे व ४५ अंशांचे शंकू दिसायला सारखे असले तरी परस्परांना जुळत नाहीत.

नळी एक्झॉस्ट, फिरता शाफ्ट व दगड लागणारी जागा यांपासून दूर, रबरी अस्तराच्या पकडींनी ठरावीक अंतरावर बांधली जाते. पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे बसवतात.

=== दाबनियामक व परतीची नळी ===
दाबनियामक जादा इंधन टाकीत परत पाठवून दाब राखतो. तो इंजिनाच्या मॅनिफोल्डमधील निर्वाताशी जोडलेला असल्यास इंजेक्टरच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक स्थिर राहतो. त्यामुळे ३ बारच्या प्रणालीत इंजिन मंद गतीवर असताना दाबमापक सुमारे २.४ बार दाखवतो. हा बिघाड नसतो.

परतीच्या नळीचे महत्त्व एका हिशोबावरून दिसते. ३० किलोवॅटच्या (सुमारे ४० अश्वशक्ती) इंजिनाला पूर्ण भारावर दर किलोवॅट-तासाला ०.३ किलो या दराने ताशी ९ किलो, म्हणजे सुमारे १२ लिटर पेट्रोल लागते. पंपाची क्षमता ताशी ९० लिटर असेल तर पूर्ण भारावरही ७८ लिटर परत जातात. मंद गतीवर जवळजवळ सर्वच. परतीची नळी अरुंद असल्यास नियामकाला दाब खाली आणता येत नाही व मिश्रण गडद होते. गरजेपेक्षा फार मोठा पंप निवडल्यास तेच इंधन वारंवार इंजिनाजवळून फिरून टाकीतील पेट्रोल तापते. काही प्रणालींत नियामक टाकीजवळच असतो व परतीची लांब नळी लागत नाही.

== इथेनॉलमिश्रित पेट्रोल ==

भारतात रूपांतरणाचे साहित्य निवडताना इथेनॉलचा विचार अपरिहार्य आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी २० टक्के इथेनॉल असलेल्या 'ई२०' पेट्रोलची विक्री काही ठिकाणी सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले.

पुणे जिल्ह्यातील हवेली तालुक्यात, पुणे–सोलापूर महामार्गावर असलेले लोणी काळभोर हे या पुरवठ्यातील महत्त्वाचे ठिकाण आहे. हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबई–पुणे–सोलापूर इंधनवाहिनी येथून जाते आणि येथील तेल कंपन्यांच्या डेपोंतून टँकरद्वारे परिसरातील पंपांना इंधन पोहोचते. इथेनॉल पाणी शोषून घेते. म्हणून ते लांब पल्ल्याच्या वाहिनीतून पेट्रोलसोबत न पाठवता डेपोच्या पातळीवर मिसळले जाते. पाण्याचा जो धोका तेल कंपन्या अशा रीतीने टाळतात, तोच जुन्या मोटारीच्या टाकीत उभा राहतो: अनेक महिने उभ्या राहिलेल्या मोटारीत पाणी वाढल्यास इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात आणि टाकी आतून गंजते.

इथेनॉलमुळे नैसर्गिक रबर, बूच व जुन्या प्रकारचे नायट्राइल रबर फुगते किंवा ठिसूळ होते. जस्त व शिशाच्या मुलाम्यावरही परिणाम होतो. फ्लोरोइलास्टोमर या कृत्रिम रबराचे अस्तर असलेल्या नळ्या व सील त्यास टिकतात. इथेनॉल जुना गाळही सोडवते; त्यामुळे रूपांतरणानंतर पहिली बारीक गाळणी लवकर बदलावी लागते. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असल्याने ई२० वर तेवढ्याच कामासाठी सुमारे ७ टक्के अधिक इंधन लागते. पंप व इंजेक्टरच्या निवडीत ही वाढ धरावी लागते.

== बाष्परोध ==

पेट्रोलमधील हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसला उकळू लागतात. उन्हाळ्यात दिवे घाट किंवा बोरघाटासारख्या चढावर, संथ गतीत, ओढवाहिनीतील पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडणे हा कार्ब्युरेटरच्या मोटारींचा परिचित दोष आहे. पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुना उपाय याच कारणाने प्रचलित झाला. वाहिनी ३ बार दाबाखाली असल्यास पेट्रोलचा उत्कलनबिंदू वाढतो व हा दोष बहुतांशी नाहीसा होतो. पंप चुकीच्या जागी बसवल्यास मात्र तो ओढवाहिनीत कायम राहतो.

== विद्युत सुरक्षा ==

यांत्रिक पंप इंजिन थांबताच थांबतो. विजेचा पंप अपघातानंतरही चालू राहून तुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतू शकतो. म्हणून पंपाला किल्लीवरून थेट वीज न देता ईसीयूच्या नियंत्रणाखालील रिले व स्वतंत्र फ्यूजमार्फत देतात. किल्ली फिरवल्यावर पंप सुमारे दोन सेकंद चालतो. इंजिन फिरल्याचा संकेत न मिळाल्यास बंद होतो. धक्क्याने वीज तोडणारा जडत्व स्विच हे अतिरिक्त संरक्षण आहे. पंप ४ ते ६ अँपिअर विद्युतप्रवाह घेत असल्याने डायनॅमो असलेल्या जुन्या मोटारीत अल्टरनेटर बसवणे आवश्यक ठरू शकते.

== चाचणी ==

इंजिन सुरू न करता केवळ पंप चालवून प्रत्येक जोड कोरडा आहे का हे तपासतात. पंप बंद केल्यावर दाब झपाट्याने उतरल्यास गळती, सदोष नियामक किंवा पंपातील एकदिशा झडप यांचा संशय घेतला जातो. इंजिन गरम झाल्यावर व काही दिवसांच्या वापरानंतर तपासणी पुन्हा करतात. इंजिन बंद असतानाही वाहिनीत दाब उरतो. जोड उघडण्यापूर्वी तो उतरवावा लागतो. काम मोकळ्या हवेत, बॅटरीची तार काढून व अग्निशामक जवळ ठेवून केले जाते.

== कायदेशीर बाजू ==

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ नुसार वाहनाची वैशिष्ट्ये नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे फेरफार करण्यास मनाई आहे. त्यामुळे फेरफाराआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे व विमा कंपनीस कळवणे हितावह ठरते. जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या व मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी वाहनांना 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली वाहने त्यातून वगळली जातात. म्हणून अशा नोंदणीची इच्छा असलेले मालक मूळ कार्ब्युरेटर, पंप व नळ्या जपून ठेवतात, किंवा रूपांतरण न करता केवळ इथेनॉलरोधक नळ्या व सील बसवून घेतात.

== हे सुद्धा पहा ==

* कार्ब्युरेटर
* इंधन इंजेक्शन
* प्रीमियर पद्मिनी
* इथेनॉल
* लोणी काळभोर