सामुराईच्या दोन तलवारी आणि वेसकराची काठी



सामुराई हा शब्द आता आपल्या घरातल्या पोरांनाही माहीत आहे. कमरेला दोन तलवारी लावलेला, धन्यासाठी जीव देणारा जपानी वीर त्यांनी सिनेमात पाहिलेला असतो. मग पोरं विचारतात, असे वीर आपल्यात होते का? होते, आणि त्याबद्दल पुढे सांगतोच. पण त्याआधी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. सामुराईच्या चिलखताला लागणारं चामडं कमावलं कुणी? वीराचं चित्र पुस्तकात छापलं जातं, चामडं कमावणाऱ्याचं छापलं जात नाही.

जपानात एके काळी गावचा शेतकरीही वेळ पडली की हत्यार उचलायचा. १५८८ साली हिदेयोशी या सत्ताधीशाने शेतकऱ्यांची हत्यारं जप्त केली आणि १५९१ मध्ये ज्याने त्याने आपल्याच धंद्यात राहावं असे हुकूम काढले. पुढे १६०३ ते १८६८ तोकुगावा घराण्याचं राज्य होतं. त्या काळात उतरंड पक्की झाली. वर सामुराई, खाली शेतकरी, मग कारागीर, शेवटी व्यापारी. सामुराईचा पगार तांदळाच्या मापात असे. कोकू हे ते माप, म्हणजे अंदाजे दीडशे किलो तांदूळ. सामान्य माणसाने अपमान केला तर त्याला कापण्याची मुभाही सामुराईला होती.

गंमत अशी की या अडीचशे वर्षांत मोठ्या लढाया जवळजवळ झाल्याच नाहीत. लढणारा सामुराई कचेरीत कारकुनी करू लागला. खालच्या दर्जाचे सामुराई तर कर्जबाजारी होऊन घरी छत्र्या बनवत बसायचे. पोटाला पुरत नव्हतं, तरी कमरेची तलवार सुटत नव्हती, कारण ती पराक्रमाची राहिली नव्हती, जन्माची झाली होती.

या चार थरांच्याही खाली माणसं होती. त्यांना ‘एता’ आणि ‘हिनिन’ म्हणत. पहिल्या शब्दाचा अर्थ विटाळ भरलेला आणि दुसऱ्याचा अर्थ माणूस नसलेला. मेलेली गुरं ओढणं, कातडं कमावणं, गुन्हेगारांना फाशी देणं, पहारा करणं ही एतांची कामं. वस्ती वेगळी, लग्न आपल्यातच. कुठल्या भागातलं मेलेलं जनावर कुणी न्यायचं, याचे हक्क वंशपरंपरेने ठरलेले. आणि हे दोन्ही समाज एकमेकांनाही कमी लेखत. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, ती हीच. लाथ वरून येते, पण खाली मारायलाही कुणीतरी ठेवलेला असतो.

हे वाचताना आपल्या म्हाताऱ्यांना काही आठवलं असेल. दुसरं काय, हे आपलं महार वतनच! वेशीवर काठी घेऊन रात्रभर जागणारा वेसकर, गावचा वसूल पोचवणारा, शिवेच्या भांडणात साक्ष देणारा, मेलेलं ढोर ओढणारा. गावाची शीव ज्याच्या शब्दावर ठरायची, त्याला राहायची जागा मात्र वेशीबाहेर.

आता शौर्याचं पाहू. आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात खर्डा आहे. तिथे १७९५ च्या मार्चमध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. त्या फौजेत शिदनाक महार होता. त्याचा तंबू आपल्या तंबूंशेजारी नको म्हणून काहींनी तक्रार केली, अशी हकीकत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. म्हणजे शत्रूची तलवार झेलायला महार चालत होता, त्याची सावली चालत नव्हती.

पुढे १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावची लढाई झाली. ती पलटण शिरूरहून निघाली होती. शिरूरला घोड नदी ओलांडली की आपलाच जिल्हा लागतो. तिथल्या स्तंभावर ‘नाक’ शेवटी असलेली २२ नावं आहेत. १९२७ साली बाबासाहेब तिथे गेले ते याचसाठी, की समाजाला आपली ताकद आठवावी.

पण इंग्रजांनी तरी काय केलं? १८९० नंतर त्यांनी लढाऊ जातींची यादी धरली आणि महारांची भरती बंद केली. नुकसान नुसत्या पगाराचं नव्हतं. लष्करामुळे अक्षरओळख व्हायची. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते, हे विसरू नका. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केला. १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. गरज सरो, वैद्य मरो. शेवटी बाबासाहेबांच्या खटपटीने ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

वलंगकरांच्या अर्जात, आम्ही मूळचे क्षत्रिय आहोत, असं म्हटलं होतं. त्या काळी तेवढं म्हणणंही धाडसाचंच होतं. पण ते उतरंडीत वरची जागा मागणं झालं. बाबासाहेबांनी उतरंडच फोडायला घेतली. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं. १६ डिसेंबर १९३९ रोजी आपल्याच जिल्ह्यात, आजच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला, महार, मांग वतनदारांची परिषद त्यांच्या उपस्थितीत भरली. वतनी जमिनीवरच्या वाढीव जुडीविरुद्ध ती होती. महार आणि मांग एका मांडवात बसले, ही मला त्या परिषदेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

जपानात १८७१ साली एता, हिनिन ही नावं कायद्याने रद्द झाली. १८७६ ला सामुराईंच्या तलवारी आणि तनखेही गेले. पण सामुराईला तनख्याच्या बदल्यात सरकारी रोखे मिळाले. एताला काय मिळालं? नुसता कागद. उलट चामड्याचा हक्क गेला आणि जमीन मिळाली नाही. आपल्याकडे १९५८ च्या कायद्याने वतन गेलं. जमीन मिळाली, पण कब्जेहक्काचे पैसे भरून आणि नव्या शर्तीवर. ज्यांच्या सातबाऱ्यावर सहा-ब वतनाचा शेरा आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

नावाचीही तीच गोष्ट. मुक्त झालेल्या लोकांना तिकडे ‘नवे सामान्यजन’ म्हणू लागले. त्या ‘नवे’ शब्दात जुनं सगळं लपलेलं होतं. आपल्याला ‘नवबौद्ध’ म्हणतात, त्यातला ‘नव’ तपासून पाहा. १८७३ मध्ये तर शेतकऱ्यांनी मिमासाका भागात या लोकांची घरं जाळली, माणसं मारली. कायदा आला तरी माणूस बदलला नव्हता. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात त्यांनी स्वतःची संघटना काढली, सुइहेइशा. पाण्याची पातळी जशी सपाट, तसा सपाट समाज, असा तिच्या नावाचा भाव आहे. पाच वर्षांनी आपण महाडला पाण्यापाशीच गेलो.

आता एक कडू गोष्ट, जी विहारातच बोलली पाहिजे. जपान बुद्धाला मानणारा देश. तरी तिथल्या मंदिरांनी या लोकांच्या मयतांना हलकी नावं दिली, काही थडग्यांवर ‘जनावर’ या अर्थाचं अक्षर कोरलं. १९७९ साली सोतो पंथाच्या एका पुढाऱ्याने परदेशातल्या धर्मपरिषदेत, आमच्याकडे असा भेदभाव नाही, असं सांगितलं. या लोकांच्या संघटनेने जाब विचारला. मग पंथाने चूक कबूल केली आणि ती नावं शोधून दुरुस्त करण्याचं काम हाती घेतलं. दारावर बुद्धाचं नाव असलं म्हणजे आत समता असतेच असं नाही. ती रोज झाडून घ्यावी लागते.

आपण स्वतःला विचारू. सोयरीक ठरवताना पोटजात कोण विचारतं? हरेगावच्या मांडवात शेजारी बसलेल्या समाजाला आपल्या विहारात आपण किती वेळा बोलावलं? शौर्याचा अभिमान जरूर धरावा, एक जानेवारीला कोरेगावला जरूर जावं. पण तलवारीने उतरंड मोडत नाही हे सामुराईनेही दाखवलं आणि शिदनाकानेही. उतरंडीतलं आपल्या खालचं मडकं ज्या दिवशी आपण स्वतः उतरवून आपल्या बरोबरीने ठेवू, त्या दिवशी वरचं मडकं टिकणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!