द्वंद्वखेळांतील नवख्याचे स्थान : १९९१ ते २०२३

व्हिडिओ गेमचा इतिहास बहुधा यंत्रांच्या किंवा निर्मात्यांच्या अंगाने सांगितला जातो. दोन खेळाडूंना पडद्यावर समोरासमोर उभे करून लढविणारे जे 'फायटिंग गेम', त्यांच्या बाबतीत ही मांडणी अपुरी पडते. या खेळांस येथे सोयीसाठी द्वंद्वखेळ म्हटले आहे. द्वंद्वास प्रतिस्पर्धी लागतो, आणि तो नेहमी तुल्यबळ मिळतोच असे नाही. निष्णात खेळाडूस मग आपला धाकटा भाऊ, मित्र किंवा पत्नी यांना आग्रहाने शेजारी बसवावे लागते. आणि ती मंडळी लागोपाठ चार-पाच डाव हरली की काहीतरी निमित्त काढून उठतात. द्वंद्वखेळांच्या घडणीचा बराच मोठा भाग या घरगुती अडचणीशी झालेल्या झटापटीने व्यापला आहे. केवळ खेळ सोपा करून ती सुटत नाही, हरणाऱ्यास पुन्हा बसावेसे वाटेल अशी व्यवस्था करावी लागते, असे या इतिहासावरून दिसून येते.

जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' हा खेळ १९९१ साली सार्वजनिक खेळगृहांत, म्हणजे आर्केडमध्ये, आला. त्यात निवडण्याजोगी आठ पात्रे आणि प्रत्येक खेळाडूस सहा बटणे होती. दांडी खालून पुढे फिरवून नेमक्या क्षणी ठोशाचे बटण दाबले असता रियू या पात्राच्या हातून अग्निगोलासारखा प्रहार सुटे. ही विद्या पुस्तकातून क्वचितच मिळत असे. खेळणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावूनच ती बहुतेकांनी मिळविली. अमेरिकेतील खेळगृहांत पुढच्या डावाचा हक्क सांगण्यासाठी पंचवीस सेंटांचे नाणे पडद्याच्या कडेला मांडून ठेवण्याची रीत होती. जिंकणारा जागेवर राही, हरणारा उठे.

या रीतीला दोन बाजू होत्या. पाहणाऱ्यास शिक्षण फुकट मिळे. परंतु ते शिक्षण पडताळून पाहण्याची किंमत प्रत्येक पराभवागणिक एक नाणे अशी मोजावी लागे. यंत्राच्या मालकाचे उत्पन्न डाव लवकर आटोपण्यात होते, ही गोष्टही विसरता येत नाही. जपानमध्ये दोन यंत्रे पाठीला पाठ लावून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा चेहरा दिसत नसे, आणि समोर नवखा बसला आहे म्हणून हात आखडता घ्यावा, हे भानही राहण्याचे कारण उरत नसे.

१९९२ साली हाच खेळ सुपर निन्टेंडो यंत्राद्वारे घरोघरी पोहोचला आणि त्याच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. घरात नाण्याची धास्ती संपली, पण भोवतालची गर्दीही संपली. आता शिकविणारा आणि हरविणारा एकच माणूस झाला. मराठी मुलांच्या खेळांत लहानग्याला 'कच्चा लिंबू' म्हणून सामील करून घेण्याची जी चाल आहे, तिची येथे आठवण होते. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही, पण तो खेळात असतो. जपानी 'गो' या पटखेळात दुबळ्या खेळाडूस आधीच काही सोंगट्या मांडू देण्याची प्रथाही याच जातीची. द्वंद्वखेळाच्या खेळगृहीय परंपरेत मात्र असे स्थान नव्हते. 'टेक्केन थ्री' (१९९७) मधील एडी गोर्डो या पात्राचे उदाहरण बोलके आहे. लाथेची बटणे वाटेल तशी दाबली तरी त्याच्या हालचाली देखण्या होत आणि नवख्यालाही अधूनमधून जय मिळे. जुन्या खेळाडूंनी त्या जयाची चेष्टाच केली.

या पार्श्वभूमीवर मासाहिरो साकुराई यांचा अनुभव महत्त्वाचा ठरतो. हॅल लॅबोरेटरी या संस्थेत असताना त्यांनी १९९२ साली 'कर्बी' हे पात्र निर्माण केले होते, तेही नवख्यांना डोळ्यांसमोर ठेवून. पुढे एका खेळगृहात 'किंग ऑफ फायटर्स ९५' खेळताना कोणी आव्हान दिले आणि साकुराई यांनी ते सहज मोडून काढले. डाव संपल्यावर त्यांच्या लक्षात आले की समोर एक जोडपे होते आणि दोघेही अगदी नवशिके होते. त्यांचा विरस आपण केला, ही रुखरुख त्यांना लागून राहिली. या प्रसंगाचा उल्लेख त्यांनी स्वतः अनेक वर्षांनी जाहीरपणे केला आहे.

त्यानंतर साकुराई यांनी आराखडा आखला आणि सातोरू इवाता यांनी प्रोग्रॅमिंग केले; त्यातून १९९९ साली निन्टेंडो ६४ यंत्रासाठी 'सुपर स्मॅश ब्रदर्स' सिद्ध झाला. यात लांबलचक आज्ञावली नाही. एक बटण आणि एक दिशा पुरते. प्राणशक्ती घटत जाण्याऐवजी जखमेची टक्केवारी वाढत जाते आणि प्रतिस्पर्ध्यास रंगमंचाबाहेर फेकावे लागते. म्हणजे अतिशय घायाळ झालेलाही परतून येऊ शकतो. एका वेळी चौघे खेळू शकत असल्याने पराभव एकट्याच्या वाट्यास येत नाही, आणि प्रबळाविरुद्ध तिघांनी संगनमत करण्यास घरात कोणाचीच हरकत नसते. सोपेपणापेक्षा ही चौघांची व्यवस्था अधिक परिणामकारक होती, असे मानण्यास जागा आहे. कारण एडी गोर्डो सोपाच होता.

परंतु याच मालिकेतील 'मेली' (२००१) या दुसऱ्या खेळाचे पुढे काय झाले? त्यात दर डावानंतर बलवानाचे ओझे आपोआप वाढविणारी सवलत निर्मात्यांनी ठेवली होती. स्पर्धा भरविणाऱ्यांनी सवलती नाकारल्या, दैवाधीन वस्तू बंद केल्या, चौघांऐवजी दोघांचे द्वंद्व मांडले. कच्च्या लिंबासाठी बांधलेल्या अंगणात पुन्हा आखाडा उभा राहिला. २०१३ साली 'इव्हो' या अमेरिकेतील स्पर्धेत शेवटचा खेळ कोणता घ्यावा हे कर्करोग-संशोधनासाठीच्या देणग्यांवरून ठरले, तेव्हा 'मेली'च्या चाहत्यांनी ९० हजारांहून अधिक डॉलर जमविले. हा खेळ त्यांना प्रथम कोठे भेटला असेल, याचा विचार करता साकुराई यांचा हेतू अगदीच विफल झाला असे म्हणता येत नाही.

कॅपकॉमने २०२३ साली 'स्ट्रीट फायटर सिक्स' मध्ये वेगळा मार्ग धरला. 'मॉडर्न' नावाच्या रचनेत दांडी न फिरवता एका बटणाने विशेष प्रहार करता येतो. मात्र अशा प्रहाराचा मारा मूळच्या ८० टक्केच धरला जातो. कच्च्या लिंबास प्रवेश दिला, पण त्याचे मोलही ठरवून दिले. ही रचना स्पर्धांतही मान्य झाली, आणि प्रतिक्रियेचा वेग वाढतो हे ध्यानी येताच काही कसलेल्या खेळाडूंनी ती स्वतःच उचलली. त्यामुळे तिच्याविरुद्ध पहिली तक्रार आली ती नवख्यांकडून नव्हे, जुन्या पद्धतीने खेळणाऱ्या निष्णातांकडून.